तबकडी-चालक जोडणी, लघुसंगणकाची
डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीच्या पीडीपी-११ (१९७०) या लघुसंगणकास सु. १० मेगाबाइट क्षमतेचे आरएल०२ हे तबकडी-चालक जोडीत. एका नियंत्रकास जास्तीत जास्त चार चालक केबलने एकापुढे एक जोडले जात. अखेरच्या चालकास अंत्यरोधक लावावा लागे. तो नसल्यास संकेत केबलच्या टोकाशी परावर्तित होऊन विकृत होतात आणि दोषदर्शक दिवा लागू शकतो. अशा वेळी निर्दोष चालक उघडणे व्यर्थ होय. प्रथम केबल, अंत्यरोधक व प्रत्येक चालकाचा स्वतंत्र क्रमांक तपासावा. वाचन-लेखन शीर्ष तबकडीलगत हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगते; धुळीच्या कणामुळेही ते तबकडीवर आदळून माहिती कायमची नष्ट होते. जोडणीच्या चाचणीसाठी माहितीची एकमेव प्रत असलेली तबकडी वापरू नये.