गाडीचे दार अडले तर

डिसेंबर १९८३ मध्ये गुरगावच्या कारखान्यातून पहिली मारुती ८०० बाहेर पडली. त्या काळी आपल्या जुन्नर-आंबेगावच्या खेड्यांत दारात चारचाकी उभी असणे म्हणजे मोठी गोष्ट होती. ८०० चे उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबले, ओम्नीचे २०१९ मध्ये. गाड्या मात्र थांबल्या नाहीत. पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे करत त्या आपल्या वस्त्यांपर्यंत आल्या. आज पेन्शनीच्या पैशातून कुणी जुनी ८०० घेतो, दोघे भाऊ मिळून बोलेरो घेतात. सकाळी त्याच गाडीतून नारायणगावला टोमॅटोची क्रेट जातात, दुपारी आजीला दवाखान्यात नेतात आणि १ जानेवारीला भीमा कोरेगावला जायचे म्हटले की पाचाच्या जागेत आठ जण बसतात. आनंदाचीच गोष्ट आहे.

पण जुनी गाडी घेताना आपण काय पाहतो? इंजिनाचा आवाज ऐकतो, टायरवरून हात फिरवतो, कागदपत्रे बघतो. दारे कोण बघतो? विकणारा सहज सांगून जातो, “मागचं डावं दार आतून उघडत नाही, पण बाहेरून उघडतं. काही अडत नाही.” घेणाराही मान डोलावतो. पुढे बाहेरचे हँडलही मोडते आणि दार काथ्याने बांधले जाते. अशा काथ्याने बांधलेल्या दाराच्या गाड्या आळेफाट्याच्या चौकात अर्धा तास उभे राहिले तरी दिसतील.

काही अडत नाही हे खरे नव्हे. नागपुरात जून २०२३ मध्ये तीन लहान मुले खेळायला म्हणून घराबाहेर पडली. रात्रभर शोध चालला. दुसऱ्या दिवशी ती घराच्या जवळच उभ्या असलेल्या एका गाडीत मृतावस्थेत सापडली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईत अँटॉप हिलला पाच आणि सात वर्षांची भावंडे अशीच एका जुन्या, पडून असलेल्या मोटारीत मरण पावली. मे २०२५ मध्ये आंध्रातल्या विजयनगरम जिल्ह्यात एका खेड्यात चार मुले गेली. ही मुले आमच्या-तुमच्यासारख्या कष्टकरी घरांतलीच. मुलांना उघडी गाडी म्हणजे खेळण्याचे घर. आत शिरतात, दार ओढून घेतात आणि मग ते उघडता येत नाही.

उन्हात उभ्या गाडीच्या आतला पारा पहिल्या दहा मिनिटांतच दहा अंशांच्या आसपास चढतो, तासाभरात वीसच्याही पुढे जातो. बाहेर ३५ असेल तर आत ५५ धरा. काच चार बोटे उघडी ठेवली म्हणून फारसा फरक पडत नाही. त्यात लहान मुलाचे अंग मोठ्या माणसाच्या तीन ते पाच पट वेगाने तापते. जुन्नरची हवा नागपूरसारखी नाही असे कुणी म्हणेल, पण एप्रिल-मे मध्ये मंचरच्या बाजारात उभी केलेली गाडी उघडून पाहा, स्टिअरिंगला हात लावता येत नाही.

म्हणून दाराच्या लॉकाचा विषय या पानावर घेतला. मी हिशेबाचा माणूस, पान्ह्यापेक्षा लेजर हाताळण्यात वय गेले. पण महामार्गावरच्या एका गॅरेजात बसून काम पाहिले, विचारले, हाताने करूनही पाहिले. तिथल्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी सांगितले, “दादा, हँडल मोडलं म्हणून दार अडत नाही. दार अडतं, मग माणूस जोर लावतो, आणि त्या जोरानं हँडल मोडतं.” हे एवढे कळले की अर्धे काम झाले. नुसते हँडल बदलणारा माणूस सहा महिन्यांनी पुन्हा तेच हँडल मागायला दुकानात येतो.

दाराच्या कडेला, जिथे ते गाडीच्या खांबाला टेकते तिथे, लॉक बसवलेले असते. त्यात लोखंडी पंजासारखा एक तुकडा फिरतो. समोर खांबावर लोखंडी कडी असते. दार लावले की पंजा कडीला धरतो आणि मागे एक खटका पडून पंजा अडकून राहतो. हँडल ओढले की खटका उचलतो, पंजा सुटतो, दार उघडते. एवढेच यंत्र. बाहेरच्या हँडलापासून या लॉकापर्यंत एक बारीक सळई येते, आतल्या हँडलापासून सळई किंवा तार येते, किल्लीच्या भोकाकडून एक आणि खिडकीजवळच्या बटणाकडून आणखी एक. प्रत्येक सळईचे टोक प्लास्टिकच्या इवल्याशा क्लिपात अडकवलेले असते. बहुतेक वेळा दोषी असते ती हीच क्लिप, नाही तर वाळलेले ग्रीस.

आता दोष कुठे आहे ते पॅड न खोलता ओळखता येते. बाहेरचे हँडल ढिले लागते, ओढले तरी काही वजन जाणवत नाही, पण दार आतून नीट उघडते. याचा अर्थ बाहेरची सळई निसटली किंवा हँडलाची आतली शेपटी तुटली. उलट आतून उघडत नाही आणि बाहेरून उघडते, तेही मागचे दार, तर गॅरेजला जाण्याआधी दाराची कड बघा. तिथे लॉकाच्या जवळ एक छोटी पट्टी किंवा खाच असते, ती चाइल्ड लॉकची. मुलाने चालत्या गाडीत दार उघडू नये म्हणून ती सोय. ती कुणाच्या तरी हाताने सरकलेली असते आणि आपण मात्र दार बिघडले म्हणून महिनोन्‌महिने तसेच वापरतो. एका भगिनीने घरच्या गाडीचे दार चार महिने बाहेरूनच उघडले, आणि दुरुस्ती झाली ती नखाने! किल्ली फिरते पण बटण हलत नाही, तर किल्लीकडची सळई सुटली. दोन्ही हँडले घट्ट, जोर लावला तरी हलत नाहीत, तर लॉकच सुकले किंवा गंजले. आणि दार लागतच नाही, आपटले की परत येते, तर उघड्या दारातच पंजा मिटून बसला आहे. अशा वेळी आपटत राहू नये, पंजा वाकतो. हँडल ओढून धरावे आणि पेचकसाच्या टोकाने पंजा बाहेर ढकलावा, तो सुटतो.

आपल्याकडे लॉक सुकायला कारणेही तशीच आहेत. पश्चिमेकडे आपटाळे, नाणेघाट, माळशेज, भीमाशंकर या बाजूला पावसाळाभर चिखलपाणी, आणि पूर्वेकडे बेल्हे-आळ्याकडे उन्हाळाभर धूळ. धूळ ग्रीसमध्ये बसते, त्याचे पिठासारखे होते, मग ते दगडासारखे घट्ट. त्यावर आपण घरगुती इलाज काय करतो? खोबरेल तेल घालतो. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गोठते हे दर हिवाळ्यात न्हाणीघरात आपल्याला दिसते, मग डिसेंबरच्या पहाटे ते लॉकात पातळ कसे राहील? रॉकेल किंवा डिझेल घातले की लॉक लगेच मोकळे होते खरे, पण उरलेसुरले ग्रीसही धुऊन जाते आणि महिन्याभरात गंज चढतो. गंज सोडवणारा फवारा कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. तो पंजावर मारावा, दहा मिनिटे थांबावे, पेचकसाने पंजा उघडमीट करावा, घाण फडक्याने पुसावी, आणि मग ग्रीस लावावे. फवारा मारून तसेच सोडू नये. किल्लीच्या भोकात मात्र तेल-ग्रीस काहीच नको, त्याला धूळ चिकटते. तिथे ग्रॅफाइटची पूड चालते. ती नसेल तर पेन्सिलीचे शिसे किल्लीवर घासून दोन-चार वेळा आत-बाहेर करावे.

हँडल बदलायचे तर पॅड काढावे लागते. गाडीला इलेक्ट्रिक काचा किंवा एअरबॅग असेल तर आधी बॅटरीची वायर सोडवावी. काच पूर्ण वर करावी, खाली असली तर हात जायला जागा राहत नाही. जुन्या गाड्यांत काच फिरवायच्या हँडलामागे एक स्प्रिंगची क्लिप असते. तिच्यामागे फडक्याची पट्टी घालून डावी-उजवीकडे ओढली की ती टणकन उडते. तेवढी सांभाळावी, नाही तर अंगण झाडत बसावे लागते. मग स्क्रू काढून पॅड खालच्या कडेने हळूहळू सोडवावे. पॅडखाली प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. घाईत हा कागद फाडून फेकला जातो, आणि पुढच्या पावसात पॅड भिजून फुगते. तो जपून सोडवावा आणि काम झाल्यावर परत चिकटवावा. जुन्या मॉडेलांत बाहेरचे हँडल बहुधा दोन नटांवर असते. सळईची क्लिप फिरवून मोकळी केली की हँडल हातात येते. दुकानात जाताना मोडके हँडल बरोबर न्यावे, कारण डाव्या दाराचे उजव्याला बसत नाही आणि क्लिपही दुकानदार आठवणीने देत नाही, ती मागून घ्यावी. मोडक्या हँडलाला चिकटपट्टी किंवा डिंकासारखे कुठलेही ‘एका थेंबात चिकटवा’ लावण्यात अर्थ नाही, तिथे रोज ताण पडतो. नवे हँडल बसवले की दार उघडे ठेवूनच पंजा पेचकसाने मिटवावा आणि दोन्ही हँडले ओढून पाहावीत. पंजा सुटला तरच दार लावावे. हे न करता दार लावून बसणारे पुष्कळ असतात.

आता सगळ्यात अवघड गोष्ट, दार बंद आणि आतून-बाहेरून दोन्हीकडून अडलेले. पॅडचे काही स्क्रू दार बंद असताना दिसतच नाहीत. इथे जोर नको, दोन माणसे हवीत. एकाने बाहेरून दाराच्या मागच्या कडेला तळहाताने दाबून आत ढकलावे, म्हणजे कडीवरचा ताण कमी होतो. दुसऱ्याने आत बसून हँडल ओढावे आणि सोडावे, ओढावे आणि सोडावे. मध्येच बटण वर-खाली करावे. लॉकाच्या जागी मुठीने ठोकावे. फटीतून फवारा मारता आला तर मारावा. दहातली बरीच दारे एवढ्यावर सुटतात. नाही सुटले तर मिस्त्री गाठावा, पत्रा वाकवू नये.

बॅटरी उतरली आणि रिमोट चालेना असे झाले तर रिमोटच्या पोटात बहुधा साधी किल्ली असते, ती ड्रायव्हरच्या दाराला लागते. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या नव्या मोटारींत सेंट्रल लॉक वीज नसतानाही हाताने उघडता यावे असा नियमच झाला आहे. जुन्या गाडीत ते कसे उघडते हे घरातल्या प्रत्येकाने एकदा करून पाहावे.

माता-भगिनींना एक विनंती. मुलांना गाडीत बसवून शिकवा की मागचे दार उघडले नाही तर सीटवरून पुढे यायचे. पुढच्या दारांना चाइल्ड लॉक नसते. हॉर्न दाबून धरायला शिकवा. पुष्कळ गाड्यांत किल्ली नसतानाही तो वाजतो, तुमच्या गाडीत वाजतो का ते पाहून ठेवा. आणि मूल आत अडकलेले दिसले तर किल्लीवाल्याची वाट बघू नये. ११२ ला फोन लावायला एकाला सांगावे आणि दुसऱ्याने मूल बसले आहे त्याच्या विरुद्ध बाजूची काच कोपऱ्यात टोकदार वस्तूने फोडावी. बाजूच्या काचेचा बहुधा चुरा होतो, ती फुटते. पुढची मोठी काच फोडण्यात वेळ घालवू नये, तिला आतून पडदा असतो. काच शेदोनशेची की दोन हजारांची, हा हिशेब नंतर.

आपल्या ऊसपट्ट्यात आणखी एक बाजू आहे. रात्री शेतावरून येताना रस्त्यात बिबट्या दिसणे इथे नवलाचे राहिले नाही. अशा वेळी काथ्याने बांधलेल्या दाराची गाडी काय कामाची? आणि अपघात झालाच तर मदतीला धावलेला माणूस आधी बाहेरचे हँडलच ओढतो.

वस्तीच्या कडेला, गॅरेजच्या मागे, घराच्या परड्यात वर्षानुवर्षे पडलेल्या गाड्या हा यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. त्या कुणाच्याच नसतात, म्हणून मुलांच्या होतात. आमच्याकडे अशी एक ओम्नी होती, टायर बसलेले, सीट उंदरांनी खाल्लेल्या. मंडळाच्या दोन पोरांनी मालकाला विचारून एका रविवारी तिची सगळी लॉके काढून टाकली. दर दाराचे तीन-चार स्क्रू, दोन तासांचे काम. आता तिच्यात कोंबड्या बसतात आणि कुठलेही दार नुसते ढकलले की उघडते.