घाटातला पूल, पायथ्याची खोपोली

खोपोलीच्या शाखेत बदली झाली तेव्हा आमचा जुना शिपाई पहिल्याच दिवशी कौतुकानं म्हणाला, "साहेब, आमची नदी उन्हाळ्यातही वाहते." ही पाताळगंगा. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी मोठाल्या नळांतून डोंगर उतरतं, टाटांच्या वीजघरात जनित्रं फिरवतं आणि मग नदीला मिळतं. १९१५ पासून हे असंच चाललं आहे.

नदीकाठचं हे गाव घाटाच्या भरवशावर वाढलं. नाना फडणवीसांनी इथं तळं आणि महादेवाचं देऊळ बांधलं. पुढं १८३० मध्ये, जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि त्यावर खंडाळ्याच्या अलीकडे दगडी कमानींचा पूल उभा राहिला. १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली आणि डोंगर पाहून थांबली. १८५८ मध्ये पलीकडे खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट मात्र उतारूंनी पालखीतून, गाडीतून नाहीतर पायी चढायचा. घाटातून रूळ जाईपर्यंत, म्हणजे १८६३ पर्यंत, मुंबई आणि पुण्याला जोडणारा दुवा हा घाटरस्ताच होता. नंतर मुख्य लोहमार्ग कर्जतहून परस्पर वर गेला आणि खोपोली फाट्यावर राहिली.

पूल मात्र टिकला. पुढं त्याला नावही मिळालं, तेही डोकेदुखीच्या औषधाच्या जाहिरातफलकावरून: अमृतांजन पूल!

द्रुतगती मार्ग झाला तो या पुलाच्या पायांतून. तिथं रस्ता आवळायचा, वाहनं तुंबायची, अपघात व्हायचे. एके दिवशी माझ्या टेबलाशी एक बाई आली. नवरा ट्रकवर होता, त्या पुलापाशीच गेला. विम्याचा चेक भरायला तिनं खातं उघडलं. फॉर्मवर अंगठा उठवून झाल्यावर तिनं विचारलं, "साहेब, तो पूल पाडत का नाहीत?"

"जुना आहे, बाई. इतिहास आहे त्याला," मी म्हणालो. ती काहीच बोलली नाही. पासबुक पदरात गुंडाळून निघून गेली.

५ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत रस्ता ओस असताना, सुरुंग लावून पूल पाडला. दूरदर्शन संचावर ते पाहताना घशात आवंढा आला. एकशे नव्वद वर्षं उभी असलेली कमान क्षणात धुरळा झाली.

आजही घाट चढताना त्या वळणावर मान आपोआप वर जाते. हळहळ वाटते. पण पाठोपाठ ती बाई आठवते, आणि तिला मी दिलेलं उत्तरही.