कर्जतच्या घरात खारं पाणी

कर्जतहून समुद्र लांब. आमची उल्हास आणि शेजारच्या खालापूरची पाताळगंगा, दोन्ही गोड्या पाण्याच्या. तरी मुलांच्या हट्टापायी आम्ही बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. भरल्यावर वजन दोनशे किलोच्या वर जातं, म्हणून आधी लोखंडी स्टँड करून घेतला.

खरा पेच पाण्याचा नव्हता, प्रवाळाचा होता. मुंबईतल्या एका दुकानात आम्हाला प्रवाळाचे तुकडे आणि समुद्रातून काढलेले ‘जिवंत दगड’ दाखवले गेले. पावती मिळणार नव्हती. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघ आहे आणि खडक बांधणारे प्रवाळही. समुद्रातून चोरून आणलेला तुकडा विकणारा गुन्हेगार, तसा विकत घेणाराही. सूरह रहमानमध्ये मोत्यांसोबत मरजानचा, बहुतेक अनुवादांप्रमाणे प्रवाळाचा, उल्लेख नेअमत म्हणून आला आहे. ही नेअमत आपल्या मालवणच्या समुद्रातही आहे, आणि पाणी फार तापलं की ती पांढरी पडून मरू लागते. तिचा तुकडा आपल्या खोलीत शोभेला ठेवायचा? आम्ही हात हलवत परत आलो. मुलं गाडीत कर्जतपर्यंत बोलली नाहीत.

मग कोरडा, सच्छिद्र, माणसाने बनवलेला दगड आणला. टाकीला दगड लागतो तो मुख्यतः जिवाणूंच्या घरासाठी, आणि ते त्यातही राहतात.

पाणी आम्ही पहिल्यांदा बोअरचं घातलं. पंधरा दिवसांत काचेवर तपकिरी शेवाळ. सगळं उपसून फिल्टरचं शुद्ध पाणी भरलं. लिटरला सुमारे 35 ग्रॅम या मापाने टाकीसाठी मिळणारं समुद्री मीठ घातलं. आमच्या टाकीला सहा किलो लागलं. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असं बरंच काही असतं. फिल्टर मात्र एक लिटर देताना त्याहून जास्त पाणी फेकतो. नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये ही शिकवण आठवून दादींनी त्या नळीखाली बादली लावली. आता लादी त्याच पाण्याने पुसली जाते.

यानंतरचं काम थांबण्याचं, आणि मासे मरतात ते इथेच, घाईमुळे. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच निरुपद्रवी. हे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे जातात. आम्ही बाजारातली एक कच्ची कोळंबी टाकीत कुजू दिली. घरात वास आला, पाहुणे विचारू लागले. पाचव्या आठवड्यात तपासणीच्या थेंबांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवले, तेव्हाच मासे आणले.

मासे दोनच, क्लाऊनफिश, आणि पैदास केंद्रात जन्मलेले. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही त्यांची पैदास होते, म्हणजे हा मासा समुद्रातून पकडायची गरज उरलेली नाही. सगळे क्लाऊनफिश नर म्हणून वाढतात, जोडीतला मोठा पुढे मादी होतो. मुलं रोज दोघांची लांबी मोजत बसतात.

कर्जतचा उन्हाळा मात्र कठीण. पाणी 27 अंशांच्या वर फार वेळ राहू नये. वर छोटा पंखा लावला की दोन-तीन अंश उतरतात, पण पाणी उडून जातं. मीठ उडत नाही, म्हणून भर नेहमी बिनमिठाच्या शुद्ध पाण्याची. काचेवर चिकटपट्टीची खूण केली आहे. पावसाळ्यात वीज गेली की पाणी फिरवणारा पंप इन्व्हर्टरवर चालतो, दिवा बंद राहिला तरी चालतो.

हा मासा दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. मांजरीला उपाशी कोंडणाऱ्या बाईची हदीस घरात सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे ईदला खोपोलीला मामूंकडे जायचं ठरलं, की पहिला प्रश्न येतो: खुणेपर्यंत पाणी कोण भरणार? यंदा शेजारच्या काकूंना किल्ली दिली आहे, आणि मोजून ठेवलेल्या खाद्याच्या तीन पुड्या.