पळसदेवचे वीरगळ

पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण आणि इंदापूर यांच्या दरम्यान वसलेले जुने पळसदेव उजनीच्या जलाशयात गेले, तेव्हा गाव उठून वर आले आणि पळसनाथाची पिंडही नव्या मंदिरात नेण्यात आली. जुने मंदिर मात्र भीमेच्या पाण्यातच राहिले. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाच्या सुमारे ११७ टीएमसी साठ्यापैकी निम्म्याहून अधिक पाणी मृतसाठ्यात मोडत असल्यामुळे, धरण ‘मायनस’मध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्या पातळीखाली, बरेच गेल्याशिवाय मंदिर पूर्ण उघडे पडत नाही. तसे ते पडले की लोक शिखर पाहायला गर्दी करतात. आवारातल्या वीरगळांकडे आणि सतीशिळांकडे मात्र थोड्यांचेच लक्ष जाते.

वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिस्तंभ. ‘गळ’ हे कन्नडमधील ‘कल्लु’, म्हणजे दगड, या शब्दाचे रूप. तो खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत वीर आडवा पडलेला असतो, तिथे गाई कोरलेल्या असल्या तर गोधन राखताना मरण आले असे समजावे. त्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेतात, त्याच्याही वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसतो, आणि माथ्यावरचे चंद्रसूर्य त्याची कीर्ती ते असेतोवर टिकेल असे सांगतात. सतीशिळेवर काटकोनात वाकलेला, बांगड्या ल्यालेला हात असतो. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर लेख नसल्याने वीराचे नाव हरवले आहे. म्हणूनच दगड कुठे आणि कोणत्या देवळाजवळ उभा आहे, हाच त्याचा मोठा पुरावा ठरतो.

मृतांसाठी दगड कोरण्याची अशीच थोर परंपरा आजच्या तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील प्राचीन लिशियात होती. भाज्याच्या लेण्यात जशी लाकडी बांधणी दगडात उतरली, तशीच तिथल्या थडग्यांत लाकडी घराच्या तुळया दगडात कोरल्या गेल्या. तिथल्या झँथॉस नगरीतले, इ.स.पू. चौथ्या शतकातले नेरीड स्मारक कोसळलेल्या अवस्थेत सापडले. त्याचे अवशेष लंडनला नेऊन ब्रिटिश म्युझियममध्ये त्याची दर्शनी बाजू पुन्हा उभारण्यात आली. अशा पुनर्रचनेत प्रत्येक दगडाची जागा, मापे, सांध्यांच्या खाचा आणि तुटीच्या कडा नोंदवून, एकमेकांत बसणारे तुकडेच जुळवले जातात. नागार्जुनसागर धरणापूर्वी नागार्जुनकोंड्याचे अवशेष असेच हलवून टेकडीवर पुन्हा उभारले गेले. पळसदेवच्या वाट्याला ते आले नाही, आणि भिजण्या-सुकण्याच्या फेऱ्यांत तिथल्या मंदिराच्या विटा आणि चुना झिजतच आहेत.

म्हणून पाणी ओसरलेल्या दिवसांत तिथे जाणाऱ्यांनी वीरगळ जागचा हलवू नये, त्याला शेंदूर वा ऑइलपेंट फासू नये. छायाचित्र घेताना शेजारी मोजपट्टी ठेवावी आणि दगडाची जागा टिपून घ्यावी.