विद्यार्थ्यांच्या कलाप्रकल्पातील विविधता : ग्वाल्हेरच्या पडाव परिसराच्या आधारे एक विचार

प्रस्तावना

चित्रकलेचा किंवा हस्तकलेचा प्रकल्प द्यावयाचा म्हटले की 'विविधतेतून एकता' हा विषय हमखास निघतो. विद्यार्थीही ठरलेले चित्र काढून आणतात : मंदिर, मशीद, गुरुद्वारा आणि चर्च एका ओळीत, खाली चार पोशाखांतील चार माणसे हात धरून उभी आणि वर तिरंगा. चित्र नीटनेटके असते, हेतूही चांगला असतो. परंतु ते काढताना विद्यार्थ्याला वर्गाबाहेर पाहावे लागत नाही, कोणाला काही विचारावे लागत नाही. जे आधीपासून ठाऊक होते तेच तो रंगवितो. या विषयाची मांडणी वेगळ्या रीतीने कशी करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात ग्वाल्हेर येथील पडाव परिसराच्या आधारे केला आहे.

ओळीत उभ्या प्रतीकांची अडचण

अशा चित्राने दोन प्रकारची हानी होते. पहिली हानी चित्राची. प्रत्येक समाजाला एकच पोशाख आणि एकच इमारत मिळते. शिंपीकाम करणारा, नर्सिंग शिकणारी, दुकान सांभाळून संध्याकाळी वर्गाला येणारा अशी प्रत्यक्षातील माणसे त्यात कोठेच नसतात.

दुसरी हानी विद्यार्थ्याची. वर्गात एखाद्या समाजाचे एक-दोनच विद्यार्थी असतील, तर 'तू तुमच्या सणाचे चित्र काढ' असे त्यांना सहज सांगितले जाते. त्या मुलाला कदाचित रेल्वेचा पूल काढावयाचा असतो. पण वर्गाच्या दृष्टीने आपली एकच ओळख महत्त्वाची आहे, एवढाच धडा तो त्या दिवशी घेतो. विविधतेच्या नावाने दिलेला प्रकल्पच अशा रीतीने विद्यार्थ्याला एकटे पाडतो. म्हणून 'आपण किती वेगळे आहोत' याऐवजी 'ही वस्तू कोणाकोणाच्या हातून घडली' असा प्रश्न देणे अधिक उपयुक्त ठरते.

पडाव परिसर

हिंदीत पडाव म्हणजे मुक्कामाचा तळ. कोकणच्या मराठीत मात्र पडाव म्हणजे मालाची नाव. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ हीसुद्धा प्रकल्पाची सुरुवात होऊ शकते. ग्वाल्हेरच्या रेल्वे स्थानकाजवळील या भागात तानसेन कला वीथिका हे चित्रप्रदर्शनाचे दालन आहे. जवळच राणी लक्ष्मीबाईंची समाधी आणि फूलबाग आहे. फूलबागेच्या परिसरात गोपाळ मंदिर, मोती मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल लॉज एकमेकांच्या शेजारी आहेत. म्हणजे ठरलेले चित्र येथे दगडात तयारच आहे आणि म्हणूनच ते जसेच्या तसे उतरविण्याचा मोह टाळणे येथे सर्वांत अवघड आहे. पुढील तीन प्रकल्प त्या दृष्टीने सुचविले आहेत.

१. जाळीचा प्रकल्प : शहराच्या हजीरा भागात सूफी संत मुहम्मद गौस (मृत्यू १५६३) यांचा मकबरा आहे. त्याच्या चारही बाजूंच्या दगडी जाळ्या प्रसिद्ध आहेत. कंपासने वर्तुळ काढून त्याच त्रिज्येने परिघावर खुणा केल्या की सहा समान भाग पडतात. ते बिंदू एकाआड एक जोडले की षट्कोनी तारा तयार होतो. हा आराखडा शिकल्यानंतर विद्यार्थ्याने आपल्या घराचा दरवाजा, गॅलरीचे लोखंडी गज, रांगोळी, शाल, बांगडी यांत तशीच आकृती शोधावी. वेल्डिंग, सुतारकाम किंवा भरतकाम शिकणारा विद्यार्थी येथे इतरांच्या पुढे असतो.

२. गुरुपरंपरेचा नकाशा : ग्वाल्हेर घराण्याचे हद्दू खाँ आणि हस्सू खाँ यांच्या परंपरेतील वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) शिकले आणि त्यांनी ही गायकी महाराष्ट्रात रुजविली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापिले. ग्वाल्हेर, इचलकरंजी, लाहोर ही गावे दोऱ्याने जोडून हा प्रवास मोठ्या कापडावर दाखविता येतो. त्याच कापडावर विद्यार्थ्याने स्वतःच्या हुन्नराची परंपरा जोडावी : शिवण कोणाकडून शिकलो, त्यांनी कोणाकडून घेतली? हा दोरा जातीधर्माच्या कुंपणात क्वचितच राहतो.

३. आवाजाचे चित्र : मुहम्मद गौस यांच्या मकबऱ्याशेजारीच तानसेनची समाधी आहे. तेथील तानसेन समारोहाच्या प्रारंभी सनईवादन, हरिकथा आणि मीलाद होतात. हरिकथेची ही बाजू ग्वाल्हेरच्या ढोलीबुवांच्या परंपरेने सांभाळली आहे. माणसांचे चित्र न काढता केवळ रेषा, रंग आणि अंतर यांतून हे तीन आवाज एका पट्टीवर मांडावेत. ज्या गावी असा समारोह नाही तेथे बाजार, शाळेची घंटा, अजान, आरती, एस. टी. स्टँड यांचे आवाज घेता येतील.

शिक्षकांनी पाळावयाची पथ्ये

(अ) कोणत्याही विद्यार्थ्याला त्याच्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून विषय देऊ नये. विषयांची निवड सर्वांना सारखीच खुली असावी.

(आ) काही विद्यार्थ्यांना धार्मिक कारणाने सजीवांची चित्रे काढणे मान्य नसते. त्यांना सूट देऊन बाजूला बसविण्यापेक्षा भूमिती, सुलेखन, नकाशा, विणकाम हे पर्याय संपूर्ण वर्गापुढे ठेवावेत. मग कोणालाही कारण सांगण्याची वेळ येत नाही.

(इ) प्रार्थनास्थळी रेखाटन किंवा छायाचित्रण करण्यापूर्वी तेथील व्यवस्थापनाची परवानगी घ्यावी. कारागिराचे नाव प्रदर्शनात द्यावयाचे असल्यास त्याला आधी विचारावे.

(ई) मतभेदाचा किंवा दुरावल्याचा अनुभव चित्रात आला तर तो पुसावयास सांगू नये. विविधता म्हणजे सदैव हसरे चेहरेच असे नाही. मात्र असा अनुभव मांडण्याची सक्तीही नसावी.

मूल्यमापन

गुण केवळ सफाईला देऊ नयेत. विद्यार्थ्याने प्रत्यक्ष काय पाहिले, कोणाशी बोलला, काय मोजले आणि सुरुवातीच्या कल्पनेत कोणता बदल केला, याची एक छोटी वही प्रकल्पासोबत घ्यावी. आमच्या मते निम्मे गुण या वहीला असावेत. कम्युनिटी कॉलेजातील अनेक विद्यार्थी नोकरी सांभाळून शिकतात, महागडे रंग घेणे त्यांना परवडत नाही. शिंप्याकडील चिंध्या, जुनी वर्तमानपत्रे, पत्र्याचे तुकडे हे साहित्य चालेल असे आरंभीच स्पष्ट करावे.

समारोप

फूलबागेतील इमारतींची चित्रे काढण्यास हरकत नाही. परंतु त्यांचा दगड कसा घडविला गेला असेल, फाटकाशी फुले कोण विकतो, संध्याकाळी बागेत कोण येऊन बसते, हे पाहून आलेल्या विद्यार्थ्याचे चित्र वेगळे होते. त्यात प्रतीके कमी आणि शेजारी अधिक असतात. आपल्या गावातही असा एखादा पडाव असतोच. विद्यार्थ्याला तेथे वही-पेन्सिल घेऊन पाठविणे, हे शिक्षकाचे पहिले काम होय.