परत येणाऱ्यालाच शिक्षा

एखादा कायदा कोणते वर्तन निषिद्ध ठरवितो, एवढ्यावरून त्याची परीक्षा पूर्ण होत नाही. तो माणसाला प्रत्यक्षात कोणत्या वर्तनाकडे ढकलतो, हेही पाहावे लागते. परदेशातील मुक्कामाची मुदत ओलांडणाऱ्यांसाठी अमेरिकेने केलेला कायदा ह्या दुसऱ्या कसोटीस लावला असता जे दिसते, ते विचार करावयास लावणारे आहे. हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. मुलगा वा मुलगी अमेरिकेत स्थायिक झालेली आणि आईवडील सातारा-सांगलीत, अशी कुटुंबे आता शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या वस्त्यांतूनही आढळतात; आणि नातवंडांच्या जन्मासाठी किंवा आजारपणासाठी केलेली वारी कधी कधी ठरल्यापेक्षा लांबते.

प्रथम एक सार्वत्रिक गैरसमज दूर करावयास हवा. पासपोर्टवरील दहा वर्षांचा पर्यटक-व्हिसा म्हणजे दहा वर्षे राहण्याची परवानगी नव्हे. तो केवळ दारापर्यंत जाण्याचा परवाना आहे. आत किती दिवस राहावयाचे हे विमानतळावरील अधिकारी ठरवितो, साधारणतः सहा महिने देतो, आणि ती तारीख ‘आय-९४’ ह्या नोंदीत असते. ही तारीख एका दिवसाने ओलांडली तरी तो व्हिसा कायद्याने रद्द होतो, मग त्यावर छापलेली मुदत काहीही असो. मुदत संपण्यापूर्वी वाढीचा अर्ज रीतसर केला असेल, तर तो विचाराधीन असेतोवरचे दिवस सामान्यतः बेकायदा मुक्कामात धरले जात नाहीत. पण हे पुष्कळांना ठाऊकच नसते.

खरी कठोरता ह्यापुढची आहे. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ३० सप्टेंबर १९९६ रोजी स्वाक्षरी केलेल्या कायद्यान्वये, सलग १८० दिवसांहून अधिक पण वर्षाहून कमी काळ बेकायदा राहून जो आपण होऊन देश सोडतो, त्याला तीन वर्षे प्रवेशबंदी होते. बेकायदा मुक्काम वर्षभराचा वा अधिक असेल, तर ही बंदी दहा वर्षांची होते. हे दिवस १ एप्रिल १९९७ पासून मोजले जातात. येथे वाचकांनी एक बारकावा ध्यानात घ्यावा. बंदी लागू होते ती मुदत ओलांडल्याने नव्हे. मुदत ओलांडल्यानंतर देश सोडल्याने!

ह्याचा परिणाम काय होतो, ते एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, दोन विधवा निवृत्त शिक्षिका आपापल्या मुलांकडे गेल्या. दोघींचेही मुलगे सज्ञान आणि अमेरिकेचे नागरिक. सुनेच्या दुर्धर आजारामुळे दोघीही मुदतीनंतर चौदा महिने राहिल्या. पहिलीला नियमभंगाची टोचणी लागली आणि ती स्वखर्चाने परत आली. दुसरी तेथेच राहिली. आता दोघींच्याही मुलांनी आईला कायम वास्तव्याचा हक्क मिळावा म्हणून अर्ज केला. नागरिकाचे आईवडील, जोडीदार आणि अज्ञान अपत्ये ह्यांनी रीतसर तपासणीतून प्रवेश केलेला असेल, तर मुदतभंग होऊनही त्यांना देश न सोडता हा हक्क मागता येतो. तेव्हा दुसरीला तो मिळण्याचा मार्ग मोकळा आहे. निर्णय होईतो हद्दपारीची टांगती तलवार असते, एवढेच. पहिलीला मात्र दहा वर्षे थांबावयाचे आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी ह्या म्हणीतला चोर येथे कोणीच नाही, पण फाशी मात्र संन्याशालाच आहे.

कोणी म्हणेल, कायद्यात माफीची तरतूद आहे ना? आहे, पण तिचे स्वरूप पाहावे. कायम वास्तव्यासाठी येऊ इच्छिणाऱ्याला ही बंदी माफ करून घ्यावयाची, तर ज्याला ‘आत्यंतिक हालअपेष्टा’ सोसाव्या लागतील असा जोडीदार किंवा आईबाप दाखवावा लागतो, आणि तो अमेरिकेचा नागरिक वा कायम रहिवासी असावा लागतो. अपत्याचे हाल ह्या हिशेबात धरले जात नाहीत. म्हणजे ज्या मुलाच्या अर्जावर आईचे सारे प्रकरण उभे, त्याच मुलाचे दुःख माफीच्या तराजूत शून्य वजनाचे! जोडीदाराच्या बाबतीतही केवळ ताटातूट किंवा आर्थिक ओढाताण पुरेशी मानली जात नाही. ती तर अशा प्रकरणांत नेहमीचीच, असे उत्तर मिळते. आणि माफी नाकारली गेली तर त्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची वाटही ह्याच कलमाने बंद केली आहे.

तात्पुरत्या भेटीसाठीची माफी वेगळी आणि तुलनेने उदार आहे. मूळ नियमभंग किती गंभीर होता, अर्जदारापासून समाजाला धोका किती आणि येण्याचे कारण काय, हे तीन मुद्दे १९७८ मधील एका अपील-निर्णयाने घालून दिले. कारण फार निकडीचे असलेच पाहिजे असेही नाही. पण ह्या दारासमोर आणखी एक दार आहे. आपण परत येणार, ही वकिलातीच्या अधिकाऱ्याची खात्री अर्जदाराने पटवावी लागते, आणि ती न पटल्यास त्या नकाराला माफी नाही. मुलाने कायम वास्तव्याचा अर्ज आधीच केला असेल, तर ही खात्री पटवावी कशी? इकडे आड, तिकडे विहीर.

ह्यावर एक आक्षेप न्याय्य आहे, आणि तो टाळून चालणार नाही. प्रत्येक राष्ट्राला आपल्या सीमेवर नियम करण्याचा अधिकार आहे. रीतसर रांगेत वर्षानुवर्षे उभ्या असलेल्यांच्या डोळ्यांदेखत मुदतभंग करणाऱ्याला पुढे सोडणे योग्य नव्हे. आपणही ह्या बाबतीत सौम्य नाही. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या भारतीय कायद्यातही मुदतीबाहेर राहणे हा गुन्हाच आहे. तेव्हा शिक्षा असू नये, असा हा युक्तिवाद नाही. शिक्षा कोणत्या कृतीला जोडली आहे, हा प्रश्न आहे. परतीच्या कृतीला जबर किंमत लावली की परतीचा पुरवठा घटणार, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही उमगेल. समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी यांनी मेक्सिकोच्या सीमेचा दीर्घ अभ्यास करून असाच निष्कर्ष काढला: सीमा कडक झाली तसे येणारे थांबले नाहीत, पण पूर्वी हंगाम संपताच घरी परतणारे मजूर परतेनासे झाले.

आखाती देशांचा व्यवहार ह्याच्या उलट आहे. संयुक्त अरब अमिरातीने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ ह्या काळात मुदतभंग करणाऱ्यांचा साचलेला दंड माफ केला आणि निघून जाणाऱ्यावर पुन्हा येण्याची बंदी घातली नाही. रत्नागिरीपासून केरळापर्यंतची कष्टकरी माणसे त्या भागात कामाला जातात. त्यांतील अडकलेल्यांना अशा सवलतीचे मोल कळते. ही सवलत म्हणजे राज्यकर्त्यांची मर्जी आहे, हक्क नव्हे, हे मान्य. तरीही तिच्यामागील हिशेब अचूक आहे: जाऊ इच्छिणाऱ्याची वाट अडवू नये.

अमेरिकी काँग्रेसने दोन गोष्टी केल्या तरी बराच अन्याय दूर होईल. नागरिक असलेल्या अपत्याचे हाल माफीच्या विचारात घ्यावेत, आणि नकाराचे न्यायालयीन परीक्षण व्हावे. ते आपल्या हाती नाही. आपल्या हाती आहे ते एवढेच की, जाणाऱ्याने ‘आय-९४’ वरील तारीख पाहावी, अडचण आल्यास मुदतीच्या आत अर्ज करावा, आणि पुढे कधी व्हिसा मागताना पूर्वीचा मुदतभंग दडवू नये. ‘एवढे कोण पाहतो?’ असे सांगणारे दलाल गावोगाव भेटतात. दहा वर्षांची बंदी दहा वर्षांनी संपते. महत्त्वाची वस्तुस्थिती जाणूनबुजून खोटी सांगितल्याने येणारी अपात्रता मात्र आजन्म असते आणि तिची माफीही पुन्हा जोडीदार आणि आईबाप ह्यांच्याच हालांवर अवलंबून असते. ज्या आईला केवळ मुलगाच आहे, तिच्यासाठी ते दार मग कायमचेच लागते.