वकिलातीचे दार बंद झाले तर

मंडळी, २०२३ सालच्या भाद्रपदात, २१ सप्टेंबरला, आपल्याकडे गौरी आल्या. उंबऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत पावले उमटली, भाजी-भाकरीचा नैवेद्य झाला. नेमक्या त्याच दिवशी कॅनडात एक छोटीशी सूचना लागली : कॅनडाच्या नागरिकांना भारताचा व्हिसा देण्याचे काम पुढील सूचना मिळेपर्यंत स्थगित. ज्या घरांतला मुलगा किंवा मुलगी तिकडे आहे, तिथे फोन सुरू झाले. "दिवाळीला यायचं जमणार की नाही?" "आईला दवाखान्यात हलवलंय, आता मी कसा येऊ?" आणि ज्यांची मुले कॅनडाला शिकायला निघाली होती, त्या घरांत दुसरी काळजी : "आता आपल्या पोराचं काय?"

आज आपल्या तालुक्यातालुक्यांतून मुले परदेशी जात आहेत. तेव्हा वकिलातीचे दार बंद झाले म्हणजे नेमके काय अडते, काय अडत नाही, आणि अशा वेळी घरच्यांनी काय करावे, हे समजून घेतलेले बरे.

आधी शब्द नीट लावून घेऊ. पासपोर्ट आपल्याला आपला देश देतो. हा माणूस आमचा आहे, एवढे तो सांगतो. व्हिसा दुसरा देश देतो. तुम्ही आमच्याकडे आलात तरी चालेल, असे तो सांगतो. हा व्हिसा देण्याचे काम परक्या देशात बसलेली कचेरी करते. राजधानीत असते ती मुख्य वकिलात आणि मोठ्या शहरांत असतात ते तिचे वाणिज्य दूतावास. कॅनडात भारताची मुख्य कचेरी ओटावाला आहे, तर टोरांटो आणि व्हँकुव्हर येथे वाणिज्य दूतावास आहेत. आपण बोलण्याच्या सोयीसाठी सगळ्यांनाच वकिलात म्हणू.

आता या कचेऱ्या परमुलखात असतात. त्यांच्या रक्षणाची जबाबदारी त्या परमुलखाच्या सरकारवर असते. दाराशी जमाव जमू लागला, अधिकाऱ्यांना धमक्या येऊ लागल्या, की खिडकी उघडून रोज शेकडो लोकांचे अर्ज घेणे अवघड होते. २०२३ साली असेच झाले. १८ सप्टेंबरला कॅनडाच्या पंतप्रधानांनी तिथल्या संसदेत भारतावर गंभीर आरोप केला. भारताने तो साफ फेटाळला. तीन दिवसांनी व्हिसाचे काम थांबले. आपल्या परराष्ट्र खात्याने कारण सांगितले, ते असे की, तिथल्या आपल्या कचेऱ्यांना सुरक्षेचा धोका आहे आणि त्यामुळे नेहमीचे कामकाज चालवता येत नाही.

बंदी तरी सगळ्यांनाच लागू होती का? तसे नव्हते, आणि आजच्या गोष्टीचे मर्म इथेच आहे.

समजा, आपल्या गावातल्या एका आजींचा मुलगा टोरांटोला आहे. वीस वर्षांपूर्वी गेला, तिकडचा नागरिक झाला. सुनेने मात्र भारताचा पासपोर्ट सोडलेला नाही. ती तिथे कायम वास्तव्याच्या परवान्यावर राहते. नातू तिथेच जन्मलेला, म्हणून त्याचा पासपोर्ट कॅनडाचा. घर एकच, पण सप्टेंबरातल्या त्या दिवशी तिघांची गत तीन तऱ्हांची झाली.

सुनेला काहीच अडचण नव्हती. भारताच्या नागरिकाला भारतात यायला व्हिसा लागतच नाही. मुलाजवळ आधी काढलेला आणि मुदत न संपलेला व्हिसा असता, तर तोही येऊ शकला असता. जुने व्हिसे रद्द झालेले नव्हते. पण त्याच्या व्हिशाची मुदत संपलेली, आणि नवा मिळेना. तिसऱ्याच एखाद्या देशात जाऊन तिथल्या आपल्या वकिलातीत अर्ज करावा, तर कॅनडाच्या नागरिकांसाठी तीही वाट त्या वेळी बंद होती. नातवाचे मात्र आईबापांनी दोन वर्षांपूर्वी ओ.सी.आय. कार्ड काढून ठेवले होते. म्हणजे चिमुरडा नातू येऊ शकत होता आणि कर्ता मुलगा अडकला होता!

हे ओ.सी.आय. कार्ड काय असते, ते ऐका. आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे नागरिकत्व संपते. पण मूळच्या भारतीयांचा धागा तुटू नये म्हणून सरकारने २००५ साली कायद्यात दुरुस्ती करून हे कार्ड देण्याची सोय केली. पूर्वी भारतीय असलेला माणूस, त्याची मुले, नातवंडे, पतवंडे अशांना ते काढता येते. काही अपवाद आहेत, ते अर्जाच्या माहितीत दिलेले असतात. हे कार्ड म्हणजे आयुष्यभराचा, कितीही वेळा ये-जा करता येणारा व्हिसाच. एकदा हातात आले की खिडकी उघडी असो वा बंद, प्रवास अडत नाही. मात्र ते मिळायला वेळ लागतो, आणि जुना भारतीय पासपोर्ट रीतसर परत केल्याचा दाखला त्यासाठी लागतो. पुष्कळ लोक हा दाखला घ्यायचा कंटाळा करतात आणि मग ऐन वेळी पस्तावतात.

इथेच एक धोक्याची सूचना. कुणी सल्ला देईल, "अहो, जुना भारतीय पासपोर्ट आहे ना कपाटात? त्याची मुदत आहे अजून. त्याच्यावरच निघून या!" हे मुळीच करू नये. दुसऱ्या देशाचे नागरिक झाल्यावर जुन्या पासपोर्टावर प्रवास करणे हा गुन्हा आहे. आईला भेटायला आलेला मुलगा विमानतळावरच चौकशीत अडकायचा.

मग आजींच्या मुलाने काय करायला हवे होते? दार बंद होते, पण त्याला एक फट होती. मृत्यू, गंभीर आजार अशा निकडीच्या प्रसंगांची दखल वकिलात त्या काळातही घेत होती. पण तोंडी सांगून भागत नाही, कागद लागतात. दवाखान्याचे सही-शिक्क्याचे पत्र लागते. नाते दाखवणारा जन्माचा दाखला लागतो. हे कागद काढायचे कुणी? गावात राहणाऱ्या माणसांनीच. आणि नेमके इथे घोडे अडते. ग्रामपंचायतीच्या वहीत आईचे नाव सरस्वती, आधार कार्डावर सरूबाई, आणि मुलाच्या पासपोर्टावर तिसरेच काही. ओटावातल्या अधिकाऱ्याने ही एकच बाई, हे ओळखायचे कसे? म्हणून घरात सगळे धडधाकट आहेत तोवरच नावे एकसारखी करून घ्यावीत. जन्म-मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी, हा नियम तर आपल्याला ठाऊक आहेच.

पुढे काय झाले? दसरा झाला आणि दोन दिवसांनी, २६ ऑक्टोबर २०२३ ला, चार प्रकारचे व्हिसे पुन्हा सुरू झाले. त्यांत मूळ भारतीयांना व त्यांच्या कुटुंबीयांना मिळणारा प्रवेश-व्हिसा होता. उद्योग, वैद्यकीय उपचार आणि परिषदा यांचेही होते. इंटरनेटवरून मिळणारा ई-व्हिसा २२ नोव्हेंबरला सुरू झाला, तोवर दिवाळी होऊन गेली होती. म्हणजे घरच्या माणसांचा रस्ता ३५ दिवस बंद होता. आकडा छोटा वाटतो. पण ज्याच्या घरात त्या ३५ दिवसांत कुणी गेले, त्याला तो छोटा वाटणार नाही.

आता उलट बाजू पाहू. आपल्या मुलांनी तिकडे जाण्याची. त्याच ऑक्टोबरात भारताने कॅनडाला इथल्या अधिकाऱ्यांची संख्या कमी करायला सांगितले. कॅनडाचे ४१ अधिकारी परत गेले आणि २१ उरले. मुंबई, चंदीगड आणि बंगळूर इथल्या त्यांच्या वाणिज्य दूतावासांतले समोरासमोरचे काम त्या वेळी थांबले. व्हिशाचे काम पाहणारे त्यांचे भारतातले कर्मचारी २७ होते, त्यांतले ५ उरले. ही बातमी पसरली आणि "कॅनडाचा व्हिसा बंद झाला" अशी आवई उठली.

पण तो बंद झालेला नव्हता. हे समजायला आपल्या तहसील कचेरीकडे पाहा. आपण सेतू केंद्रात अर्ज देतो. तिथला माणूस कागद तपासतो, पावती देतो. पण दाखल्यावर सही तहसीलदारांची. व्हिशाचेही तसेच आहे. अर्ज घेणारी, बोटांचे ठसे घेणारी केंद्रे वेगळी, आणि निर्णय करणारा अधिकारी वेगळा. तो कितीतरी वेळा निराळ्याच देशात बसलेला असतो. कॅनडा सरकारनेच तेव्हा सांगितले की, भारतातले ८९ टक्के अर्ज आधीपासून भारताबाहेरच निकालात निघतात. अर्ज घेणारी केंद्रे चालूच राहिली. फरक पडला तो वेळेत. डिसेंबर २०२३ अखेर सुमारे १७,५०० अर्जांचे निर्णय मागे पडतील, असा अंदाज त्यांनी जाहीर केला होता. उशीर झाला, हे खरे. पण उशीर वेगळा आणि नकार वेगळा.

अशा उशिराच्या दिवसांत कुणाचे फावते, सांगू? दलालाचे. "आमची आत ओळख आहे, दोन लाख द्या, आठ दिवसांत व्हिसा आणतो." मंडळी, व्हिसा कुणालाही विकत आणून देता येत नाही. २०२३ सालीच कॅनडात असे उघड झाले होते की, भारतातून गेलेल्या कित्येक मुलांची कॉलेज-प्रवेशाची पत्रे खोटी होती. ती दलालांनी बनवली होती, आणि मुलांवर देश सोडण्याची पाळी आली होती. तेव्हापासून, १ डिसेंबर २०२३ पासून, प्रत्येक प्रवेशपत्र खरे की खोटे हे तिथले सरकार कॉलेजाकडून पडताळून घेऊ लागले. घाईत शेत गहाण टाकून दलालाला पैसे देणारा बाप पैसाही घालवतो आणि मुलाचे नावही.

मग उशीर झाला तर करायचे तरी काय? पहिले काम, मुलाने कॉलेजला लेखी कळवावे आणि पुढच्या सत्रात जागा मिळते का, फी परत मिळण्याचा नियम काय, हे लेखीच मागवावे. दुसरे, शैक्षणिक कर्ज घेतले असेल, तर व्हिसा हाती येईपर्यंत पुढचा हप्ता सोडू नये, असे बँकेला सांगून ठेवावे. तिसरे, अर्ज एकदा केला असेल तर घाबरून पुन्हा दुसरा करू नये. अर्जाचा क्रमांक जपून ठेवावा आणि सरकारी संकेतस्थळावरच त्याची स्थिती पाहावी. चौथे, विमानाचे तिकीट व्हिसा येण्याआधी काढू नये. काढायचेच तर तारीख बदलता येईल असे काढावे.

जी मुले आधीच तिकडे आहेत, त्यांच्यासाठी एक बारीक पण मोठी गोष्ट. कॅनडात राहून शिकण्याचा परवाना निराळा आणि त्या देशात शिरण्याचा व्हिसा निराळा. परवाना चालू असला तरी पासपोर्टावरच्या व्हिशाची मुदत संपलेली असू शकते. असा मुलगा बहिणीच्या लग्नाला आला, तर परत जाण्यासाठी त्याला नवा व्हिसा लागणार. आणि उशिराचे दिवस असतील तर त्याचे सत्र बुडणार. "ये रे, चार दिवसांसाठी ये," असे म्हणण्याआधी त्याला ही तारीख पाहायला सांगा.

गुरुजी, एक गोष्ट खास तुमच्यासाठी. निवृत्त झाल्यावर पुष्कळ शिक्षक मुलाकडे परदेशी जाऊन राहतात. नोव्हेंबर आला की निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. टोरांटोची आपली वकिलात त्यासाठी गावोगावी शिबिरे भरवते. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये, ब्रॅम्प्टन इथल्या मंदिराजवळ शिबिराच्या वेळी गोंधळ झाल्यावर, पुरेसे संरक्षण मिळत नाही म्हणून ठरलेली काही शिबिरे रद्द करावी लागली. ज्यांनी सगळा भरवसा शिबिरावर ठेवला होता, त्यांची पंचाईत झाली. तेव्हा इथून निघण्यापूर्वीच आपल्या कोषागारात विचारून ठेवा : मोबाईलवर चेहरा दाखवून काढलेला डिजिटल दाखला चालेल का? तिथल्या नोटरीची किंवा बँकेच्या अधिकाऱ्याची सही चालेल का? उत्तर लेखी मिळाले तर उत्तमच.

एवढे सगळे करूनही काही वेळा माणूस वेळेवर पोचत नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. दोन सरकारांच्या भांडणात कुणाचा बाप थांबत नाही आणि कुणाचे सरण थांबत नाही. अशा घरी जाल तेव्हा, "आलाच नाही बघा, परदेशात गेला आणि विसरला," असे चारचौघांत बोलू नका. तो तिकडे वकिलातीच्या बंद खिडकीसमोर उभा होता, हे आता आपल्याला ठाऊक आहे.

आणि ज्यांच्या हातात अजून वेळ आहे, त्यांनी आज रात्रीच परदेशातल्या मुलाला फोन करावा आणि चार गोष्टी विचाराव्यात. पासपोर्ट कुठल्या देशाचा? व्हिशाची मुदत कधी संपते? नातवंडांचे ओ.सी.आय. कार्ड काढले का? आपली नावे सगळ्या कागदांवर एकसारखी आहेत का? उत्तरे एका वहीत लिहून ती वही घरच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. लिहिता येत नसेल त्यांनी शाळेत गुरुजींकडे जावे. गुरुजी ते काम आनंदाने करतील.